‘शेवटी देव एकच ना?’ हे वाक्य घरात चालेनासं झालं तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ख्रिस्ती, नवरा ज्यू. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी नऊ वर्षांची. कुणी कुणाचा धर्म बदलायचा नाही हे आधीच ठरलं होतं आणि कुणी विचारलं की आम्ही दोघंही म्हणायचो, शेवटी देव एकच ना. इतकी वर्षं त्यावर भागलं. मागच्या महिन्यात लेकीने झोपताना विचारलं, येशू देव आहे का, आणि असेल तर बाबा त्याच्याशी का बोलत नाहीत. मी तिला मला लहानपणी शिकवलेलं उदाहरण दिलं, पाणी, बर्फ आणि वाफ, तिन्ही एकच, तसंच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सकाळी तिने ते बाबांना सांगितलं. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "देव कशाचंही काही बनत नाही." मला राहवलं नाही, मी बायबल उघडून उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव ‘आपण मनुष्य निर्माण करू’ म्हणतो ते दाखवलं, म्हटलं बघ, तुमच्याच ग्रंथात ‘आपण’ आहे. तो चिडला, "तीन देव तुमचे, ते आमच्या पुस्तकात शोधू नकोस." मग मीही बोलून गेले की तुमचा देव नुसता शिक्षा करणारा, प्रेम आम्हाला येशूमुळे कळलं. तेव्हापासून घरात हा विषय बंद आहे. मुलगी प्रार्थना करताना आता दार लावून घेते. मी एकदा म्हटलं, हवं तर तिला सांगू की येशू फक्त थोर गुरू होते, पण म्हणताना मलाच रडू आलं. दोघांनाही मान्य होईल असं एखादं वाक्य सांगाल का?

ताई,

तुमच्या पत्रात देवाबद्दल बरंच आहे, पण मला सगळ्यात आधी दिसलं ते लेकीने लावून घेतलेलं दार. नऊ वर्षांच्या मुलीला त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, कळत नसेल, पण हे नाव आपण मोठ्याने घेतलं की घरात कुणीतरी दुखावतं एवढं तिला बरोबर कळलंय. त्यामुळे तुमची घाई मी समजू शकते. तरी तुम्ही मागताय ते एक वाक्य मी देणार नाहीये, कारण असं वाक्य तुमच्याकडे अकरा वर्षं होतंच, आणि मला वाटतं त्यानेच ही वेळ आणली.

‘शेवटी देव एकच’ हे आपल्या तोंडी इतकं बसलंय की म्हणणाऱ्याला वाटतं आपण मन मोठं करतोय. पण जरा बघा, हे म्हणायला तुम्हाला काय द्यावं लागतं आणि त्यांना काय. अब्राहाम, मोशे, दावीद तुमच्या बायबलमध्ये आहेतच, इस्राएलचा देव तोच तुमचा देव, जुना करार हा तुमच्या पुस्तकाचा पहिला आणि मोठा भाग, म्हणजे ‘एकच देव’ म्हणताना तुमच्या हातून काहीच सुटत नाही. त्यांना मात्र तेच वाक्य म्हणताना दर वेळी मनात विचारावं लागत असणार, की मी ज्याला एक म्हणतो त्यात येशू धरलाय का. धरला असेल तर मी हो म्हणू शकत नाही, आणि धरला नसेल तर मग बायको ज्याच्यापुढे हात जोडते तो हाच, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? वाक्य एकच पण ओझं सारखं नाही. तुम्ही अकरा वर्षं ते सहज म्हणत होतात आणि तो बहुतेक तुमच्यावरच्या प्रेमापोटी म्हणत होता.

आणि हे काही फक्त तुमच्याच घरात घडतंय असं नाही. २००० साली दीडशेहून जास्त रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि ज्यू अभ्यासकांनी ‘दाब्रू एमेत’ नावाचं एक निवेदन काढलं, त्यातलं पहिलंच विधान होतं की ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात. ख्रिस्ती जगात त्याचं मोठं स्वागत झालं, पण काही ज्यू अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतला की इतक्या सहज हे म्हणता येत नाही, त्रैक्य आणि देहधारण, म्हणजे देव येशूमध्ये माणूस झाला हे मानणं, बाजूला ठेवून कसलं एकच. दोन्हीकडे विद्वान होते, श्रद्धाळू होते, आणि तरी ज्यूंमध्येच एकमत नव्हतं. तेव्हा तुमच्या नवऱ्याला हे वाक्य खुपलं तर तो कोत्या मनाचा ठरत नाही.

आता मुळाशी जाऊ, कारण मला वाटतं तुम्ही दोघंही एकमेकांचं म्हणणं त्या त्या माणसाच्या शब्दांत कधी ऐकलेलंच नाहीये.

मी एकदा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मागच्या बाकावर बसून संध्याकाळची प्रार्थना ऐकली होती. एका क्षणी सगळ्यांनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि एक ओळ म्हटली, ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद’. हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एक आहे. शेवटचा ‘एखाद’, म्हणजे ‘एक’, हा शब्द माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी इतका लांबवला की त्यांचा श्वास संपेपर्यंत तो चालू होता. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, हाताने लिहिलेल्या गुंडाळीत या ओळीच्या पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मुद्दाम मोठं काढतात. ही ओळ ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो, लहान मुलाला झोपवताना म्हणतो आणि मरतानाही हीच ओठांवर असावी अशी इच्छा धरतो. दुसऱ्या शतकात रोमन लोकांनी रब्बी अकिवांना हाल करून मारलं तेव्हा ‘एखाद’ म्हणता म्हणताच त्यांचा जीव गेला असं ताल्मुदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथसंग्रहात, सांगितलंय. पुढे युरोपात कित्येक ज्यूंना बाप्तिस्मा घे नाहीतर मर असं सांगितलं गेलं आणि ते हीच ओळ म्हणत मेले. तेव्हा ‘एक’ हा शब्द त्यांच्यासाठी वादातला मुद्दा नाहीये हो, तो आजी-आजोबांच्या शेवटच्या श्वासाचा शब्द आहे.

आणि आता तुमची बाजू. येशूला एका शास्त्र्याने विचारलं की सगळ्यात पहिली आज्ञा कोणती, तेव्हा त्यानेही हीच ओळ म्हटली, ‘हे इस्राएला ऐक’. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे, नवऱ्याला दाखवा, आणि दाखवताना जिंकल्यासारखं दाखवू नका. निकियाच्या ३२५ सालच्या धर्मपरिषदेतून आलेला जो विश्वासांगीकार तुम्ही चर्चमध्ये म्हणता त्याची सुरुवातही ‘एका देवावर’ अशीच आहे. तुमच्या मंडळींनी तो एक कधी सोडला नाही. पण प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात बघा, तो म्हणतो आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की इथे पौल शेमाचीच ओळ घेतोय आणि तिच्यातल्या ‘देव’ आणि ‘प्रभू’ या दोन शब्दांत पित्याला आणि येशूला बसवतोय. म्हणजे फाटा कुठे फुटतो बघा, एकाच ओळीत. तुमच्यासाठी ती ओळ येशूमुळे पूर्ण उलगडली, त्यांच्यासाठी ती तिथे मोडली. ही गैरसमजातून आलेली गोष्ट नाहीये, दोघांनीही नीट वाचूनच ती वेगळी वाचलीय.

पाणी, बर्फ, वाफ यावर थोडं जास्त बोलते, कारण हे उदाहरण जगभर आया आपल्या मुलांना देतात आणि प्रेमानेच देतात. पण ताई, ते चर्चच्या स्वतःच्या शिकवणीतही बसत नाही. तेच पाणी कधी बर्फ होतं कधी वाफ, म्हणजे एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो, असा त्याचा अर्थ निघतो, आणि नेमकं हेच तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावाने ओळखलं जाणारं मत होतं जे चर्चने नाकारलं. का नाकारलं ते येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगात दिसतं, पुत्र यार्देन नदीच्या पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय, तिघं एकाच वेळी. गेथशेमाने बागेत येशू पित्याला विनवतो तेव्हा तो स्वतःशी बोलत नसतो. आणि ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेने येशूबद्दल जे शब्द ठरवले त्यात स्पष्ट आहे की देवत्व आणि मनुष्यत्व या दोन्हींत सरमिसळ नाही आणि बदल नाही, देवपण बदलून माणूसपण झालं असं नव्हे. म्हणजे तुमचा नवरा त्या सकाळी म्हणाला की देव कशाचंही काही बनत नाही, तेव्हा निदान त्या उदाहरणापुरता तो नकळत तुमच्या चर्चच्याच बाजूने बोलत होता. पुढे तो जिथे थांबतो तिथे तुम्ही थांबत नाही, ती गोष्ट वेगळी.

यावरून एक जुनी हकीकत आठवते. १२६३ साली बार्सिलोनात आरागॉनच्या राजासमोर नाखमानिडीस नावाच्या रब्बींना एका ख्रिस्ती झालेल्या ज्यूबरोबर जाहीर वाद करावा लागला, सत्ता सगळी समोरच्या बाजूला. नंतरच्या शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतिदिवशी, राजा स्वतः सिनेगॉगमध्ये आला आणि तिथे त्रैक्यावर बोलणं निघालं. नाखमानिडीसांनी स्वतः लिहून ठेवलंय की राजाने त्याला शिकवलेलं उदाहरण दिलं, वाइनला रंग असतो, चव असते, वास असतो आणि तरी ती एकच. रब्बींनी उत्तर दिलं की हे तिन्ही गुण एकमेकांपासून वेगळे करता येतात, आणि गुणच मोजायचे तर तीनवर का थांबायचं, चार म्हणा, पाच म्हणा, देव जिवंत आहे हा पण गुणच. राजाचा हेतू वाईट नव्हता. उदाहरण फसलं. साडेसातशे वर्षांहून जास्त काळ आपण तेच करतोय, ग्लासातली वस्तू तेवढी बदलतेय. म्हणून माझी पहिली विनंती ही की मुलीला आता कुठलंच उदाहरण देऊ नका, पाण्याचं नको, तीन पानांचं नको, सूर्य आणि किरणांचंही नको. तिला सांगा, आम्ही ख्रिस्ती मानतो की देव एकच आहे, आणि त्या एका देवामध्येच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं एकमेकांवरचं प्रेम कायमचं आहे, हे कसं ते मला पूर्ण सांगता येत नाही. आईला एखादी गोष्ट पूर्ण सांगता येत नाही हे मुलांना चालतं.

उत्पत्तीमधल्या ‘आपण’बद्दल. तुम्हाला ते वाचताना त्रैक्य दिसतं यात काही गैर नाही, ख्रिस्ती परंपरा शतकानुशतकं तसंच वाचत आलीय. पण तुम्ही ते ‘तुमच्याच ग्रंथात आहे’ म्हणून त्याच्यापुढे ठेवलं आणि तिथे दुखावलं. हे वचन ज्यूंच्या नजरेतून सुटलं होतं असं थोडंच आहे! अकराव्या शतकातले राशी, ज्यांचं भाष्य पारंपरिक ज्यू शाळांत मुलं आजही तोराबरोबर शिकतात, ते म्हणतात की देवाने इथे देवदूतांचा सल्ला घेतला, मोठ्याने लहानाला विचारावं ही नम्रता शिकवण्यासाठी, आणि ते हेही म्हणतात की कुणी या ‘आपण’वरून भलता अर्थ काढेल तर उत्तर शेजारच्याच ओळीत आहे, तिथे ‘देवाने निर्माण केला’ असं एकवचनात लिहिलंय. बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस तर आणखी पुढे गेले, त्यांच्या मते देवाचं एकपण हे मोजण्यातलं एक नव्हेच, त्याला भाग नाहीत, शरीर नाही, आणि तो काय आहे यापेक्षा काय नाही एवढंच आपण नेमकं बोलू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी ‘बघ तुमच्यात पण आहे’ ऐवजी ‘तुम्ही हे कसं वाचता’ असं विचारा. ज्यू लोकांना कित्येक शतकं त्यांचंच पुस्तक उघडून ‘तुम्हाला कळलं नाही’ असं सांगितलं गेलंय, पॅरिसमध्ये १२४२ साली ताल्मुदच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्यात, सक्तीने प्रवचनं ऐकायला बसवलंय. तुम्ही फक्त एका ओळीवर बोट ठेवलंत पण त्या बोटामागे हे सगळं उभं राहतं.

आता तुम्ही जे बोलून गेलात, की त्यांचा देव शिक्षा करणारा आणि आपला प्रेमाचा. तुमच्या पत्रात मला हे सगळ्यात जास्त लागलं, आणि मी ते तुमच्याच बाजूने उभी राहून सांगते, ही ख्रिस्ती शिकवण नाहीये. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा माणूस हेच म्हणत होता, जुन्या कराराचा कठोर देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, आणि रोमच्या मंडळीने १४४ सालाच्या सुमारास त्याला बाहेर काढलं. निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेपुढून जाताना स्वतःबद्दल काय म्हणतो ते वाचा, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. ज्यू लोक हे शब्द सणांच्या आणि उपासाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये गाऊन म्हणतात. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे लेवीयमधलं आहे, येशूने तिथूनच घेतलं. ही एक गोष्ट अशी आहे जिच्याबद्दल नवऱ्याची माफी मागायला हवी, चर्चा वगैरे काही न करता, सरळ.

पण माफी एकतर्फी असावी असं मी म्हणत नाही, कारण ‘तीन देव तुमचे’ हेही तेवढंच चूक आहे. त्यांना हा लेख वाचायला द्या. दादा, अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा ख्रिस्ती अंगीकार शब्दशः म्हणतो की तीन देव नव्हेत, एकच देव. तुम्हाला ते पटत नाही हे ठीक आहे, पटू नयेच कदाचित, पण बायको तीन देव मानते असं म्हणणं म्हणजे ती जे रोज नाकारते तेच तिच्या नावावर टाकणं. तुमच्याच परंपरेत बघा, कब्बाला ही ज्यू गूढपरंपरा मानणारे देवाच्या दहा सेफिरोत, म्हणजे तो प्रकट होण्याच्या दहा तऱ्हा, सांगतात तेव्हा इतर ज्यूंनीच त्यांना ऐकवलं होतं की ख्रिस्ती तीन मानतात, तुम्ही तर दहा. कब्बालावाल्यांना ते किती लागलं असेल. ख्रिस्ती उपासना ज्यूंच्या नजरेत काय ठरते यावरही तुमच्याकडे एकच मत नाही, मायमोनिडीस तिला मूर्तिपूजा म्हणतात, तेराव्या शतकातले प्रोव्हान्सचे रब्बी मेइरी म्हणतात की हे धर्माच्या बंधनात राहणारे लोक आहेत, त्यांना मूर्तिपूजकांत मोजू नका, आणि काही जण मधला शब्द वापरतात, ‘शितूफ’, म्हणजे एका देवाला मानणं पण त्याच्या जोडीला आणखी कुणाला घेणं, जे ज्यूला निषिद्ध पण इतरांना दोष लागेल असं नाही. आणि विसाव्या शतकातले ज्यू विचारवंत मायकल विशोग्रोड तर म्हणाले की देव देह धारण करूच शकत नाही असं ज्यूने आधीच ठरवून टाकू नये, त्याने तसं केलं असं आम्ही मानत नाही एवढंच म्हणावं. यातलं तुमचं मत कोणतं, हे बायकोला कधी सांगितलंय का?

माझ्या मते खरा फरक कुठे आहे ते एका शब्दात दिसतं. निर्गममध्ये देव म्हणतो, माझ्यासाठी पवित्रस्थान करा म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन. आणि योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो, शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, तिथला मूळ ग्रीक शब्द तंबू ठोकण्याचा आहे, वाळवंटातल्या त्याच तंबूची आठवण देणारा. म्हणजे देव दूर कुठेतरी बसलेला नाही, तो माणसांत येऊन राहतो, हे दोघंही मानता. ज्यू परंपरेत देवाची ती जवळीक, शेखिना, लोकांबरोबर परागंदाही होते असं म्हटलंय. ख्रिस्ती माणूस म्हणतो की तो त्याच्याही पुढे आला, आईच्या पोटी जन्मला, दमला, रडला, मेला. ज्यू माणूस म्हणतो, नाही, तो माझ्याजवळ रडेल पण तो मी होणार नाही, आणि तो मी झाला नाही म्हणूनच मी त्याच्यावर भार टाकू शकतो. (मराठीत आपण देहधारणाला पटकन अवतार म्हणून मोकळे होतो, पण अवतार पुन्हा पुन्हा होतात, हे एकदाच झालं असं ख्रिस्ती मानतात, म्हणून मुलीशी बोलताना तो शब्द टाळलेला बरा.) मला दोन्ही वाचताना गहिवरून येतं, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही एकच नाहीत.

म्हणून ‘येशू फक्त गुरू होते’ हा तोडगा मला नको वाटतो. नवऱ्याला तो सोयीचा पडेल, पण तुम्हाला म्हणताना रडू आलं, म्हणजे तुमच्या मनाने उत्तर दिलंय. खोट्यावर शांतता ठेवली की ती मुलीला कळते, तिला आधीच कळलीय. काही जण तुम्हाला येशूला मसीहा मानणाऱ्या ज्यू मंडळ्यांचाही रस्ता सुचवतील, तिथे जाण्याआधी एवढं माहीत असू द्या की ज्यूंच्या मुख्य प्रवाहातल्या जवळपास सगळ्या शाखा त्याला ख्रिस्ती धर्मच समजतात, तेव्हा नवऱ्याला तो मधला रस्ता वाटणार नाही. मुलीला दोन्ही शिकवायचं की एक, हे तुम्हा दोघांना ठरवावं लागेल, त्यात ज्यूंच्या ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह शाखांच्या नियमाने ज्यूपण आईकडून येतं, अमेरिकेतल्या रिफॉर्म शाखेच्या रब्बींनी १९८३ साली वडिलांकडूनही मानायला सुरुवात केली पण मूल ज्यू म्हणून वाढवण्याची अट आहे, हे सगळं एखाद्या रब्बींशी आणि तुमच्या पास्टरांशी वेगवेगळं बसून बोला. काही रब्बी आणि काही पास्टरही दोन्ही नको म्हणतील. ऐकून घ्या, लगेच उत्तर देऊ नका.

बाकी करायचं काय. एक संध्याकाळ काढा, मुलगी घरी नसताना, आणि त्या संध्याकाळपुरता नियम असा ठेवा की कुणी आपली बाजू मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. तुम्ही सांगा ज्यू देवाबद्दल काय मानतात, आणि त्याने ‘हो, अगदी हेच’ म्हणेपर्यंत सांगत राहा, चुकलं की तो दुरुस्त करेल. मग त्याने त्रैक्य सांगायचं आणि तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत. पटवायचं नाही. हे जोडप्यांनाच नाही, वेगळ्या धर्माचे मित्र असतात, एकाच घरात धर्म बदललेला भाऊ असतो, त्यांनाही सांगते, वाद कुठल्या मुद्द्यावर आहे हे कळायलाच कधीकधी तीन-चार बैठका लागतात आणि निम्मं भांडण तिथेच विरतं, उरलेलं निम्मं खरं असतं, ते राहू द्या. आणि कुणाला हे बोलायचंच नसेल तर तेही मान्य करा. रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी १९६४ साली लिहिलं होतं की ज्यू आणि ख्रिस्ती यांनी जगाच्या प्रश्नांवर एकत्र यावं पण श्रद्धेच्या गाभ्याची देवाणघेवाण करू नये, कारण तो गाभा दुसऱ्याच्या भाषेत जात नाही. मला पूर्ण पटत नाही ते, पण तुमचा नवरा त्या वळणाचा असेल तर त्याच्या गप्प बसण्याला नाराजी समजू नका.

एकत्र प्रार्थना करायची असेल तर स्तोत्रसंहिता आहे ना, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तुम्ही तिघं एकत्र म्हणू शकता, कुणालाही एक शब्द गिळावा लागणार नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’बद्दल मात्र आधी विचारा. त्यातले शब्द कद्दीश या ज्यूंच्या स्तुतिप्रार्थनेच्या खूप जवळचे आहेत, नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, तरी ती प्रार्थना इतकी वर्षं चर्चची झालीय की काही ज्यूंना ती म्हणवत नाही.

लेकीच्या मूळ प्रश्नाला उत्तर अजून दिलेलंच नाही कुणी. ते दोघांनी मिळून द्या, एका वेळी, एका खोलीत. तुम्ही म्हणा, हो, मी मानते की येशू देव आहे, म्हणून मी त्याच्याशी बोलते. त्याने म्हणावं, मी तसं मानत नाही, मी त्या एकाशीच बोलतो ज्याच्याशी येशूही बोलत होता. तिने विचारलं की मग बरोबर कोण, तर दोघांनीही म्हणायचं, आम्हाला आपापलं खरं वाटतं आणि तुला आज ठरवायचं नाहीये, तू कुणाचंही ऐकलंस तरी आमच्यापैकी कुणी रुसणार नाही. तिला पंच करू नका, निरोप्या तर अजिबात नको, परत ‘आई असं म्हणाली’ म्हणून तिने सकाळी त्याच्याकडे जायची वेळ येऊ नये.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल, त्याआधी आज रात्रीच तिचं दार वाजवा. आत येऊ का विचारा. आत गेल्यावर काही समजावू नका, ती म्हणत असेल ते म्हणू द्या, जमलं तर नवऱ्यालाही बोलवा, त्याने काही म्हणायची गरज नाही, नुसतं बसायचं तिच्याजवळ पलंगावर. मग झोपण्याआधी त्याला सांगा, डोळ्यांवर हात ठेवून ती ओळ आम्हाला ऐकव, शेवटचा शब्द पूर्ण लांबवून.